घाई यमाले असते

आमच्या दवाखान्यात भूल देणारे डॉक्टर इंगोले नव्या माणसाला नाव-गाव विचारायच्या आधी एकच प्रश्न विचारायचे. "रात्री उशा किती लागतेत?"

समोरचा माणूस रोगीच असला पाहिजे, अशी काही अट नव्हती. पोस्टमास्तर, जिनिंगचा मुनीम, मुलगी बघायला आलेले पाहुणे, कोणीही चालायचं. नवे तहसीलदार रुजू झाले तेव्हा गावानं त्यांना चहाला बोलावलं. डॉक्टरांनी नमस्कार केला आणि अदबीनं विचारलं, "साहेब, झोपताना उशा किती घेता?" तहसीलदार दिवसभर विचारात पडले असावेत. दुसऱ्या दिवशी त्यांचा शिपाई दोन कोऱ्या उशा घेऊन दवाखान्यात हजर. डॉक्टरांनी त्या वॉर्डात लावून टाकल्या आणि शिपायाबरोबर निरोप पाठवला, "उशा भेटल्या. उत्तर राह्यलं."

प्रश्नाला अर्थ होता. हृदयाचा स्नायू ढिला पडला की माणसाला आडवं झोपवत नाही, छातीत पाणी भरल्यासारखं होतं. मग एका उशीच्या दोन होतात, दोनाच्या तीन, आणि शेवटी बिचारा रात्रभर बसून राहतो. भूल द्यायच्या आधी ज्याला हे कळलं नाही, त्याचा रोगी टेबलावरच राहायचा.

हे सगळं मला पुस्तकातून ठाऊक होतं. मी पुण्याकडचा, सर्जरीची ताजी पदवी घेऊन केळापूर तालुक्यात आलेला. महाराष्ट्र नवा होता, मीही नवा होतो, आणि दोघांनाही वाटत होतं की आता सगळं सुधारणार. पहिल्याच आठवड्यात एका म्हातारीनं मला विचारलं, "काहून रे बाप्पा, डाक्टर कवा येईन?" मी म्हटलं, "मीच डॉक्टर." तिनं मला नीट पाहून घेतलं आणि म्हणाली, "बरं. मंग मोठे डाक्टर कवा येतीन?"

मोठे डॉक्टर म्हणजे इंगोले. सगळा दवाखाना त्यांना काकाजी म्हणायचा, मीही म्हणायला लागलो. पन्नाशी उलटलेली, धोतरावर कोट, खिशात भिजवलेल्या हरभऱ्याची पुडी. एकटेच राहायचे. मला ते बापू म्हणत. आमचं भांडण रोजचं, आणि ते एकाच गोष्टीवरून. मला घाई असायची.

"बापू," ते म्हणायचे, "घाई यमाले असते. आपल्याले कायची?"

एकदा मारेगावकडच्या बंजारा तांड्याचा नाईक आला. मूत्राशयात खडा, वेदनेनं बेजार. उशा विचारल्या तर म्हणाला, मी बसूनच झोपतो. पाय सुजलेले, हृदय आकारानं दुप्पट. मी म्हटलं, पाठीत सुई देऊ, कमरेखाली बधिर होईल, अर्ध्या तासात खडा काढून देतो.

"पाठीत सुई दिली की रक्ताचा दाब धाडकन खाली येते," काकाजी म्हणाले. "धडधाकट दिल सावरून घेते. याचं नाई सावरणार."

मग त्यांनी नाईकाला खाटेवर बसवून ठेवलं. लघवीवाटे पाणी काढायची सुई, हृदयाला जोर देणाऱ्या गोळ्या आणि बिनमिठाचं जेवण. मी नाईकाला हृदयाच्या स्नायूवर एक छोटंसं व्याख्यान दिलं. त्यानं हात जोडून ऐकलं आणि काकाजींना विचारलं, हे काय म्हणतात? काकाजी खाटेच्या कडेवर टेकले. "नाईक, तुमचं दिल म्हणजे थकला बैल. चढणीवर पराणी टोचली तं बसून घेईन. आपून गाडी हलकी करू, मंग त्याच्या चालीनं नेऊ." नाईकाच्या बापजाद्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य वाहिलेलं. त्याला पुढं काही सांगावं लागलं नाही.

बिनमिठाचं जेवण मात्र त्याच्या बायकोला पटलं नाही. ती लुगड्याच्या ओच्यात ठेचा लपवून आणायची. काकाजी तो रोज जप्त करायचे आणि माझ्या टेबलावर ठेवायचे. नाईक बरा होऊ नये असं मला कधी वाटलं नाही, पण तो ठेचा होता मात्र फार सुंदर.

सूज उतरली तेव्हा काकाजींनी त्याला अर्धवट बसवूनच ईथर दिलं. तोंडावर जाळीचा मास्क, त्यावर थेंब, मग थांबायचं, एक बोट कानाजवळच्या नाडीवर, मग पुन्हा थेंब. आणि तोंडानं सतत गप्पा, बैलाचं नाव काय, तुरी कशा आहेत. उत्तर अडखळलं की थेंब थांबायचा. मी हात धुऊन उभा होतो तो उभाच. शेवटी खडा निघाला, नाईक चालत तांड्यावर गेला, आणि गावात बातमी पसरली की काकाजींनी खडा काढला. मी तिथं होतो, हे कोणाच्या लक्षातही नव्हतं.

तर अशा या माणसाला स्वतःला अंतर्गळ होता. पोटातल्या आतड्याचा भाग जांघेत उतरायचा, आणि ते कमरेला पट्टा आवळून तो मागे सारायचे. मी कितीदा म्हटलं, शिवून टाकू. ते म्हणायचे, "कापूस घरात येऊ द्या." कापूस आला की म्हणायचे, "तुरी निघू द्या." त्यांच्या नावावर वीतभर वावर नव्हतं. मला वाटायचं, दुसऱ्यांना टेबलावर घेणारा हा माणूस स्वतः भित्रा आहे. हे मी कंपाउंडरला बोलूनही दाखवलं होतं.

एक दिवस सकाळी ओपीडीत ते खुर्चीवरच वाकले. आतडं बाहेर येऊन अडकलं होतं, उलट्या सुरू. मी छातीला नळी लावली. हृदय पसरलेलं, ठोके घोडदौडीसारखे. पायावर बोट दाबलं तर खड्डा पडला.

"काकाजी, हे कधीपासून?"

"झालं दोनेक वर्ष. स्नायू ढिला झाला. तुम्हाले सांगून काय, तुम्ही व्याख्यान देसान."

नागपूरला न्यावं तर त्या रस्त्यानं जीपमध्ये ते पोचले नसते. इथं ठेवावं तर आतडं काळं पडणार. आणि जिल्ह्याच्या या टोकाला अशा हृदयाला भूल देऊ शकणारा एकच माणूस होता, तो समोर उलट्या करत होता.

"भूल मीच देतो," ते म्हणाले. "तुम्ही कापा."

"स्वतःला?"

"सांगतो ना. जागच्या जागी सुई, तेवढाच भाग बधिर. मी जागाच राहीन. तुमच्यावर लक्ष कोण ठेवीन?"

सिस्टरनं विचारलं, "काकाजी, कळवायचं कोणाला?" ते म्हणाले, "कोणाले नाई." तिनं पुन्हा विचारलं. त्यांनी कमरेचा पट्टा सोडून तिच्या हातात दिला.

टेबलाचं डोकं उंच केलं, त्यांना टेकवून बसवलं. मी सिस्टरकडे नेहमीचं औषध मागितलं आणि सुई भरली.

"बापू, बाटली दाखवा."

"नेहमीचीच आहे."

"म्हणूनच दाखवा."

मी बाटली त्यांच्या डोळ्यांसमोर धरली आणि लेबल मीही वाचलं. रक्तस्राव कमी व्हावा म्हणून आम्ही त्यात नेहमी अॅड्रेनलिन घालायचो. एरवी बिघडत नाही. या हृदयाला त्यानं चाबूक बसला असता.

"हे दिलं अस्तं तं दिल पळत सुटलं अस्तं, अन् तुमच्या हाती सापडलं नस्तं," काकाजी म्हणाले. सिस्टरनं साधं औषध तयार केलं. मी सुई टोचली, ते सांगत गेले. "थोडी थोडी द्या. थांबा. आता द्या."

मी चिरलं. ते बोलत होते, सिस्टरला सांगत होते, "बापूचा घाम पुसा, माह्या पोटात पडून राह्यला." आतडं हाती आलं तेव्हा जांभळं होतं. गरम पाण्याच्या फडक्यात धरून आम्ही वाट पाहिली. आणि त्याच वेळी काकाजी बोलायचे थांबले.

ओठ निळसर झाले. मी आयुष्यात इतका घाबरलो नव्हतो. कापायला शिकवणाऱ्या कोणीही मला नुसतं थांबायला शिकवलं नव्हतं. मी हात काढून घेतले. सिस्टरनं त्यांना आणखी उंच बसवलं, प्राणवायूची नळी लावली. मला वाटत होतं, काहीतरी कर, लवकर कर. मी काही केलं नाही. हळूहळू ओठांवर रंग आला आणि फडक्यातलं आतडंही गुलाबी झालं. मी ते आत सारलं आणि जन्मात शिवलं नव्हतं इतक्या संथपणे शिवलं.

शेवटी झोपेचं अगदी थोडं औषध दिलं. त्यांना वॉर्डात बसतं निजवलं आणि मी शेजारी स्टूल ओढलं. दुपार उलटली. बाहेर ओपीडीतली माणसं कुरकुरत होती. बसू देत म्हटलं.

त्यांनी डोळे उघडले. आधी समोर पाहिलं, मग माझ्याकडे, मग बराच वेळ माझ्याकडेच.

"बापू? कवाचे बसले?"

"आत्ताच आलो."

"खोटं नका बोलू." मग म्हणाले, "इतके दिवस टाळून राह्यलो होतो, ते कापाच्या भेवानं नाई. भूल उतरली की माणूस पयले इकडे-तिकडे पाहाते. कोणी मायले पाहाते, कोणी बायकोले. तांड्याच्या नाईकानंही पाह्यलं. मले वाटे, माह्ये डोये उघडतीन अन् समोर नुसती भित दिसन."

अशा वेळी काय बोलावं हे आमच्याकडे शिकवत नाहीत. मी म्हटलं, "भिंतीपेक्षा मी बरा दिसतो ना?"

"उलीसा," त्यांनी चिमूट दाखवली.

ते हसायला लागले आणि कळवळून जांघेवर हात ठेवला. "हासवू नका ना. टाके तुमचे हायेत, भरवसा नाई."

डोळे मिटले. श्वास एकसारखा चालू लागला. ओपीडीची आठवण होऊन मी अलगद उठलो, स्टूल सरकल्याचा आवाजही होऊ दिला नाही.

"बसा ना बापू," ते डोळे न उघडता म्हणाले.

मी बसलो.