महांतप्पाची मुकी घुंगरं

महांतप्पाच्या रसवंतीचं चाक फिरत होतं, ऊस पिळला जात होता, आलं-लिंबू तयार होतं. आणि कळंबच्या बाजाराच्या दिवशी एकही माणूस आत वळत नव्हता. चाकावरची घुंगरं वाजत नव्हती. ती नुसतीच लालभडक दिसत होती.

हा लाल रंग रसूलचा. त्यानं नुकतीच ढोकी रस्त्याला पावडर कोटिंगची शेड टाकली होती. लोखंडावर रंगाची पूड उडवायची, भट्टीत भाजायची, की रंग वितळून कातडीसारखा चिकटतो. टवका उडाला तर नाव बदलेन, असं तो प्रत्येकाला सांगे. त्याला रंगवायच्या होत्या कारखान्याला ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्या. पण ट्रॉलीवाले म्हणत, आधी कुणाचं तरी करून दाखव.

महांतप्पा हे पहिलं गिऱ्हाईक. रस सांडून त्याच्या चरकाचा सांगाडा दरवर्षी गंजायचा. रसाला लागणारे रोलर सोडून सगळं रंगवा, एक खिळाबी सोडू नका, असं त्यानं बजावलं होतं. रसूल शब्दाचा पक्का. त्यानं चाकावरची घुंगरंही सोडवली, तारेला टांगून रंगवली आणि भाजली. पूड फटीतून आत शिरली, वितळली आणि आतल्या गोळीला धरून बसली.

"रसूलभाई, आवाज न्हाय तर दुकान चालू हाय हे लोकाला कळावं कसं? म्या कोंबड्यावानी आरवू का?" महांतप्पानं रसूलला रसवंतीवर बोलावून विचारलं.

"अप्पा, तुमीच म्हणलाव, खिळाबी सोडू नका."

"घुंगरू खिळा हाय व्हय?"

बैलांच्या साजाचा दुकानदार पोळ्याशिवाय घुंगरं ठेवत नव्हता. म्हणजे आहेत त्याच घुंगरांचा रंग काढायचा. इथं रसूलची पंचाईत झाली. रंग निघाला तर महांतप्पा खूश, पण ट्रॉल्या गेल्या. नाही निघाला तर पहिलंच गिऱ्हाईक भर बाजारात बोंबलणार. त्यानं बाह्या सरसावल्या आणि यश येऊ नये अशी मनोमन दुवा मागत छन्नी उचलली. पॉलिश पेपर झाला, पटाशी झाली. हातोडीखाली एक घुंगरू चपटं झालं. पण रंगही त्याच्यासोबत शहाण्यासारखा चपटा झाला, हलला नाही. रसूलनं आलेलं हसू खोकल्यात दडवलं.

ठोकाठोकी ऐकून माणसं जमली. बघता बघता प्रत्येकाला त्यातलं कळू लागलं. ढोकीचा ट्रॉलीवाला कुमार पुढं झाला, हातोडी घेऊन घामाघूम झाला आणि दम खायला त्यानं रस मागितला. महांतप्पाचे डोळे चमकले. तो बाकड्यावर चढला आणि त्यानं जाहीर केलं, की रंग काढील त्याला रस फुकट. हरला तर विकत प्यायचा. रांग कापडाच्या दुकानापर्यंत गेली. दुसऱ्यांदा हरलेल्या कुमारनं रसूलला बाजूला घेतलं आणि उद्या दोन्ही ट्रॉल्या आणतो म्हणून सांगितलं.

तेवढ्यात भाजी विकून मोकळी झालेली म्हातारी इरम्मा रांग मोडून पुढं आली. हातोडीकडं तिनं पाहिलंही नाही. चंचीतून अडकित्ता काढला, घुंगरू सुपारीसारखं त्यात धरलं आणि हलकेच दाबून पिळलं.

कट् झालं. टवका उडाला. आणि घुंगरू वाजलं.

रसूलनं उडालेला टवका चपलेखाली दडवला. कुमार हाकेच्या अंतरावर, ओठाला ग्लास लावून उभा होता.

महांतप्पानं एकदा लांबलचक रांगेकडं पाहिलं आणि झडप घालून घुंगरू मुठीत घेतलं. "अडकित्ता वाजला," तो म्हणाला. "खिळा ढिला झालाय त्याचा. आजी, तेल घाला."

"आन् माजा रस?"

"तुमाला कशाला जिंकाया पायजे? म्हाताऱ्या माणसाकडनं म्या कदी पैसे घेतलेत का?"

तो आजवर न चुकता घेत आला होता. पण ग्लास मोठा होता, म्हणून इरम्मानं अडकित्ता चंचीत परत टाकला.

महांतप्पानं घुंगरू खिशात टाकलं आणि ग्लासांचा ट्रे उचलला. सकाळपासून ज्या आवाजासाठी तो भांडत होता, तो आता पावलागणिक खिशातून बाहेर येऊ बघत होता. गर्दीतून तो इतका जपून, पाय घासत चालला, की कुमारला काळजी वाटली.

"अप्पा, गुडघं धरलं का?"

"व्हय," महांतप्पा जागच्या जागी थांबत म्हणाला. "तूच हितं येऊन ग्लास घे."