मान हलवून फोन घ्या

हेडफोन निवडायला ओग्न्याननं अकरा दिवस घेतले. रसायनशास्त्राची पदवी ताजी होती, त्यामुळे तक्ता करणं ओघानंच आलं. खेळताना आवाज किती उशिरा पोचतो, डोक्यावर वजन किती, बॅटरी किती तास टिकते, वॉशिंग मशीन सुरू असताना माइकमधलं बोलणं कळतं का. बिनवायरचे सात हेडफोन, प्रत्येकाला गुण. ऐंशी लेव्हपेक्षा कमी किमतीचा एक काळा हेडफोन पहिला आला. खोक्यावर लिहिलं होतं, 'हात न लावता फोन घ्या, फक्त मान हलवा.' या गोष्टीला तक्त्यात रकाना नव्हता.

गुरुवारी दुपारी तो मित्राबरोबर, स्विलेनबरोबर, ऑनलाइन खेळत बसला. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेतून नोकरीचा फोन यायचा होता. हेडफोन त्यासाठीच घेतलाय, असं त्यानं पेंका मावशीला सांगितलं होतं. राहायला तो तिच्याकडेच होता.

कानात हेडफोनमधल्या यंत्राचा आवाज आला, "दोब्रेवा, प्रयोगशाळा. फोन घ्यायचा?"

ओग्न्याननं आनंदानं मान हलवली. फोन कापला गेला.

"अरे, कापला यानं!"

"येईल परत," स्विलेन म्हणाला. "तू डावीकडे बघ, डावीकडे!"

परत आला, परत कापला गेला. तिसऱ्या वेळी त्यानं मान अशी काही हलवली की हेडफोन नाकावर आला. तरी कापलाच.

चौथा फोन बाजारातून मावशीचा होता. आत्ता नको, म्हणून त्यानं मान एकदाच खाली-वर केली. फोन ताबडतोब लागला आणि "मागून हाण त्या म्हाताऱ्याला!" हे मावशीनं भोपळी मिरच्यांच्या ढिगापाशी उभं राहून ऐकलं. दहा मिनिटांत ती मिरच्या न घेताच घरी आली.

खोक्यातला कागद शेवटी तिनंच चष्मा लावून वाचला.

"मान उभी हलवली तर घ्या, आडवी हलवली तर नको. उलटंच की रे हे! हो म्हणायला मान आडवी हलवायची, हे आपल्या प्लोवदिवात शेंबड्या पोरालाही कळतं. कुणी बनवलंय हे?"

"बाहेरच्या देशातलं असेल कुठलं तरी."

"मग दे परत."

"खोकं फाडलंय मावशी."

ही सोय बंद करायचं अॅप त्याच्या जुन्या फोनवर चालेना. त्यानं फोन हातात धरून दोब्रेवाबाईंना लावला.

"तीनदा कापलात तुम्ही," बाई म्हणाल्या.

"मी नाही मॅडम, हेडफोननं कापला."

"अस्सं. उद्या दहाला समोर येऊन बसा. तिथे कापता येणार नाही."

यंत्र बदलत नसेल तर माणसानं बदलावं, असं ठरवून ओग्न्यान सरावाला बसला. मावशी स्वयंपाकघरातून फोन लावायची, तो मान उभी हलवून घ्यायचा. चाळीस फोन झाले. पहिल्या दहात सहा चुका, शेवटच्या दहात एकही नाही. त्यानं याचाही तक्ता केला.

दुसऱ्या दिवशी मुलाखत छान झाली. क्लोरीनवरचे, नायट्रेटवरचे सगळे प्रश्न सुटले. दोब्रेवाबाईंनी पेन उचललं.

"मग, सोमवारपासून येताय ना?"

ओग्न्याननं नंदीबैलासारखी मान डोलावली. खाली, वर, खाली, वर. एकही चूक नाही.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "चौथ्यांदा," त्या म्हणाल्या आणि त्यांनी फाइल मिटली.

ओग्न्यानचे कान तापले. मान आता कुठल्या दिशेनं हलवावी ते त्याला कळेना, म्हणून त्यानं ती दोन्ही हातांनी घट्ट धरली.

बाईंनी खण उघडला आणि आतून तोच काळा हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

"स्वस्तात मिळाला ना? मलाही," त्या म्हणाल्या. "गेल्या आठवड्यात वरच्या साहेबांचे पाच फोन कापले मी. आता तोंडानं सांगा."

"येतो, मॅडम."

बाईंनी समाधानानं मान हलवायला घेतली, मध्येच थांबवली, आणि हात पुढे केला.