कॅमेऱ्याच्या पोटात काय हाय?

मंगलाष्टकं सुरू आहेत, अंतरपाट धरलाय, आणि कुणीतरी फोटोग्राफरच्या खांद्यावर टिचक्या मारून विचारतंय, "याच्या पोटात काय हाय? सीसीडी का सीमॉस?" गोंदियाकडच्या एखाद्या लग्नात असं तुम्ही पाहिलं असेल, तर ते आमचे टेंभरेकाकाजी. फोटोग्राफर बिचारा गयावया करतो, "चाचाजी, साइड हो जाओ, हार डल रहा है." काकाजी हलत नाहीत. त्यांच्या मते हार काय, पुन्हा घालता येतो.

गोंदियाजवळ फुलचूरला त्यांची आणि माझी भिंत एकच आहे. राइस मिलच्या वजनकाट्यावर त्यांनी सगळी नोकरी काढली. निवृत्त झाल्यावर थोरल्या मुलीने एक छोटा डिजिटल कॅमेरा घेऊन दिला. यात रोल नाही, मग फोटो उमटतो कशावर, हा प्रश्न काकाजींना पडला आणि गल्लीची शांतता गेली. सेन्सर नावाची चिप असते एवढं कळल्यावर ते थांबतील असं आम्हाला वाटलं होतं. पण सेन्सरच्याही सीसीडी आणि सीमॉस अशा जाती असतात हे त्यांना कुठूनसं कळलं.

"हे पाय," मला कुंपणापाशी गाठून त्यांनी समजावलं, "सीसीडी म्हंजे आपली मिल. सगळ्याइचं धान हातोहात पुढं सरकते न् एकाच काट्यावर मोजल्या जाते. टाइम लागते, करंट खाते, पर काटा एक, माप एक. सीमॉस म्हंजे ज्याच्या त्याच्या शेतात ज्याचा त्याचा काटा. काम झटपट. पर इतके काटे सारखे कायचे राहतात बाप्पा?"

उमर काट्यावर गेलेल्या माणसाने कोणाची बाजू घ्यावी, हे सांगायला नको. जावयाच्या सीमॉसवाल्या मोबाईलवर फाटकातून धडधडत जाणाऱ्या रेल्वेचे डबे तिरपे आले, तेव्हा काकाजींनी चहाच्या टपरीवर दवंडीच पिटली: "सीमॉसनं चांगली गाडी वाकडी केली!" आणि स्वतःच्या सीसीडीत दिवाळीच्या हॅलोजनमधून वरपासून खालपर्यंत पांढरी रेघ उमटली, तेव्हा काय म्हणाले? "दिव्याची नजर लागली त्याले."

सीसीडीचाच रंग खरा, हा त्यांचा हेका. रंग काही एकट्या सेन्सरमुळे ठरत नाही, आत फोटोवर पुढची प्रक्रियाही होते, असं मी कुठेतरी वाचलेलं त्यांना ऐकवलं. ते लगेच म्हणाले, "म्हंजे पॉलिश! तांदूळ पॉलिश करते तसा फोटो पॉलिश करते. मले बिनपॉलिशचा पायजे."

कॅमेऱ्याची परीक्षा घ्यायची त्यांची पद्धतही ठरलेली. संध्याकाळी ऊन उतरलं की ओट्यावर गुळाचा खडा मांडायचा आणि फोटो काढायचा. मग तोच खडा कॉम्प्युटरच्या पडद्याशेजारी धरून मान हलवायची. गल्लीत आलेला प्रत्येक कॅमेरा त्या गुळासमोरून गेला आहे. पाहुण्यांनी कॅमेरा गळ्यात घालून यायचं सोडून दिलं. घरात मुंग्यांची रांग मोडत नव्हती आणि काकी ओरडत असायच्या, "चहाले गूळ नाही न् हे फोटो काढून राहिले!"

"गूळच काऊन पण, काकाजी? फुलं काढा की," मी म्हटलं.

"फुलाचा रंग कोनालेही येते. गूळ कठीण हाय. उजेड जरासा जास्त झाला का पांढरा पडते, कमी झाला का काळा."

मी तो वेडेपणा समजून सोडून दिला. शिवाय काकाजींना तेव्हा खरा घोर वेगळाच होता. धाकटीचं लग्न ठरलं होतं आणि काकी फोटोला उभ्या राहायला तयार नव्हत्या.

त्याला कारण गूळप्रकरणाच्याही आधीचा, थोरलीच्या लग्नाचा अल्बम. आमच्याकडचे स्टुडिओवाले लग्नातल्या सगळ्या बायकांना गोरं करून देतात, न सांगता, प्रेमाने. अल्बम आला तेव्हा काकींनी पानावर बोट ठेवून विचारलं, "ही कोन बाई होय?" सगळे हसले. काकीही हसल्या. मग अल्बम मिटून म्हणाल्या, "माह्या पोरीच्या लग्नात मीच नाही." तेव्हापासून कॅमेरा दिसला की त्या स्वयंपाकघरात जात.

त्याच सुमारास मी नागझिऱ्यात वाघ टिपायचा म्हणून मोठा कॅमेरा घेतला. वाघाने दर्शन दिलं नाही. काकाजींनी मात्र लगेच बोलावलं. ओट्यावर गूळ मांडलेलाच होता. त्यांनी डोळा लावला, बटन दाबलं, आणि नेमका तेव्हाच चहासाठी गूळ उचलायला काकींचा हात मध्ये आला.

आता काकाजी आरडाओरडा करणार म्हणून मी सावरून बसलो. पण ते कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्याकडे बघतच राहिले. मी डोकावलो. गुळाचा खडा आणि तो उचलणारा हात, दोन्हींचा रंग अगदी एक. म्हणजे इतकी वर्षं हा माणूस गुळाचे फोटो काढत नव्हता, काकींचा रंग शोधत होता. आपण यांची किती टिंगल केली म्हणून मी ओशाळलो, आणि थोडं हसूही आलं.

"पाय," त्यांनी कॅमेरा काकींपुढे धरला.

काकींनी पदराला हात पुसून निरखून पाहिलं. "हा तं माहाच हात होय."

"मंग?"

काकींनी पदर नीट केला आणि पायरीवर बसल्या. "काढा. पर मुंग्या चढाच्या आंधी."

काकाजींनी फोटो काढला. त्या कॅमेऱ्याच्या पोटात सीमॉस होता. त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

धाकटीच्या लग्नात काकी नवरीच्या शेजारी उभ्या राहिल्या आणि काकाजी फोटोग्राफरच्या कानाशी, "पॉलिश नाही, बेटा, पॉलिश नाही." पण त्यांच्या बैठकीत फ्रेम करून लावलाय तो पायरीवरचाच फोटो. मुंग्या चढायच्या आत काढायच्या घाईत तो चांगलाच हलला आहे. मी एकदा म्हटलं, काकी, बसा, मी स्वच्छ काढून देतो.

"कायले?" काकी म्हणाल्या. "हालला तं हालला. मीच तं होय."