भरवशाचा गॅस ब्लॉक

सत्तरी ओलांडलेल्या माणसाने बायकोसाठी कुठलीही वस्तू स्वतःच्या अकलेने निवडू नये, हे ऑर्विन हाउगेनला पक्कं ठाऊक होतं. पण त्या दिवशी आर्डिस सराव आटोपून घरात आली, रायफल कपाटात ठेवताना तिने उजवा खांदा हळूच चोळला, आणि ऑर्विनने विचारल्यावर "काही नाही रे, वारा लागला" असं म्हणाली. तिथल्या तिथे ऑर्विनने ठरवलं, आर्डिसच्या रायफलीला नवा गॅस ब्लॉक आपण घ्यायचा. आणि तिला न विचारता घ्यायचा. (इथेच कुणीतरी त्याचा हात धरायला हवा होता. पण नॉर्थ डकोटात शेजारचं घर अर्ध्या मैलावर असतं.)

आर्डिसने तीस वर्षं शाळेची बस चालवली. बर्फात, वादळात, मागे चाळीस कार्टी बोंबलत असताना ज्या बाईचा हात स्टिअरिंगवर हलला नाही, तो रायफलीवर कशाला हलेल? व्हालबर्ग गावच्या रायफल क्लबात निशाणाच्या लोखंडी पाट्या टणाटण पाडण्यात तिच्याइतकी तरबेज म्हातारी दुसरी नव्हती. जिल्ह्यात मात्र एक होती. बेव्ह शाफर. दर शरदातल्या सामन्यात ज्येष्ठ महिलांमध्ये बेव्ह पहिली आणि आर्डिस दुसरी, हा क्रम इतकी वर्षं चालला होता की पंच मंडळी आर्डिसचं नाव आधीच लिहून ठेवत असावीत. आणि यंदाचा सामना तिचा शेवटचा होता. हिवाळ्यात खांद्याचं ऑपरेशन ठरलं होतं, आणि त्यानंतर रायफल नाही, असं डॉक्टरने स्वच्छ सांगितलं होतं.

आता हा गॅस ब्लॉक म्हणजे काय, तर गोळी सुटली की तिच्यामागचा थोडा वायू नळीच्या एका भोकातून मागे येतो आणि रिकामं काडतूस फेकून नवं आत ढकलतो. त्या भोकावर जो तुकडा बसतो, तो गॅस ब्लॉक. साध्या ब्लॉकमधून येईल तेवढा वायू येतो आणि खांद्याला दणका देतो. वायू कमीजास्त करता येणाऱ्या ब्लॉकला एक छोटा स्क्रू असतो. तो फिरवून वायू हवा तेवढाच घ्यायचा. कमी वायू, कमी दणका. पण फारच कमी केला तर रायफल ऐन वेळी अडून बसते.

ऑर्विनला हे कळल्यावर हर्षवायूच व्हायचा बाकी राहिला, कारण त्याची डॉक्टरेट धरणाचे दरवाजे किती उघडावेत या विषयावर होती. चाळीस वर्षं त्याने कॉलेजात तेच शिकवलं. गॅस ब्लॉक म्हणजे तरी काय? अंगठ्याएवढं धरण! (घरातला नळ मात्र तो दुरुस्त करू शकत नसे. पण नळ हा त्याचा विषय नव्हता.)

एवढं शिकूनही, किंवा एवढं शिकल्यामुळेच, ऑर्विनचा स्वतःवर काडीचा विश्वास नव्हता. घराला कुलूप लावलं की तो ते तीनदा ओढून बघे, आणि तिसऱ्यांदा ओढल्याने ते निघालं तर नसेल ना म्हणून चौथ्यांदा. असा माणूस इंटरनेटवर भरवशाचा गॅस ब्लॉक शोधायला बसला. एक जण म्हणे, अमुक घ्या, बाकी सगळं भंगार. दुसरा म्हणे, अमुक सोडून काहीही घ्या. तिसरा म्हणे, वरच्या दोघांनी आयुष्यात रायफल पाहिलेली नाही. शेवटी ऑर्विन गावातल्या कॅफेत गेला आणि क्लबचा अध्यक्ष क्लेटन व्रास्पिरच्या शेजारी जाऊन बसला.

"क्लेटन, भरवशाचा गॅस ब्लॉक कुठला रे?"

"का, प्रोफेसर? जावई निवडताना एवढी चौकशी केली होतीस का?"

"केली असती तर तो जावई झाला असता का?"

क्लेटनच्या तोंडातली कॉफी नाकात गेली. मग नाक पुसून तो म्हणाला, "हे बघ, काजळी धरून ज्याचा स्क्रू आवळून बसतो, तो घेऊ नकोस. धक्क्याने सैल होतो, तोही नको. टक टक वाजत फिरतो आणि ठेवला तिथेच राहतो, असा घे."

"म्हणजे कुठला?"

"ते मला काय ठाऊक? माझ्याकडे साधाच आहे. मला दणका आवडतो."

ऑर्विनने अखेर टक टक वाजणारा मागवला. तो आला तेव्हा ऑर्विनने तो भांड्याच्या साबणाने धुतला, पुसला, खिशात टाकला आणि दोन दिवस खिशातल्या खिशात टक टक करत तो गावभर हिंडला. आपण काहीतरी बरोबर निवडलं आहे, ही भावना त्याला इतकी नवी होती की तो पोस्टातल्या बाईकडे पाहूनही हसला.

मग आर्डिस चर्चच्या कॉयरच्या तालमीला गेल्याचं पाहून त्याने काम हाती घेतलं. जुना ब्लॉक निघाला. नवा नळीवर जाईना. जेमतेम टोकावर चढे आणि अडे. पण समोर पदार्थविज्ञान शिकलेला माणूस होता. तापवलं की धातू फुगतो, थंड केलं की आक्रसतो! त्याने रायफलीचा वरचा भाग नळीसकट फ्रीझरमध्ये माशांच्या शेजारी निजवला आणि ब्लॉक तापवायला ओव्हन उघडला. ओव्हनमध्ये आर्डिसची हॉटडिश भाजत होती. खाली खिमा आणि मशरूमचं सूप, वर बटाट्याच्या गोळ्या आणि त्यावर चांदीच्या कागदाचं झाकण. संध्याकाळी चर्चच्या तळघरात शरदातलं गावजेवण होतं, त्यासाठी. ओव्हनच्या जाळीतून ब्लॉक खाली पडेल म्हणून ऑर्विनने तो अलगद त्या कागदावर ठेवला आणि तो गॅरेजमध्ये हातमोजे शोधायला गेला.

हातमोजे सापडले. तोवर आर्डिसची गाडी दारात येऊन परतही गेली होती. स्वयंपाकघरात आला तर ओव्हन रिकामा, कागद कचऱ्यात, आणि टेबलावर आर्डिसचा वाचायचा चष्मा. चष्म्याखाली चिठ्ठी: 'तालीम लवकर संपली. पुढे जाते. पायी ये.'

कागदावर ब्लॉक नव्हता. कचऱ्यात नव्हता. ओव्हनखाली नव्हता. चष्मा नसलेल्या बाईने घाईत कागद ओढला, तर कागदावरची वस्तू जाईल कुठे? ऑर्विनने इतर सर्व शक्यता पद्धतशीरपणे निकालात काढल्या आणि मग तो चर्चच्या दिशेने धावत सुटला. (धावत म्हणजे, त्याच्या मते.)

तळघरातल्या लांब टेबलावर एकवीस हॉटडिश मांडल्या होत्या. आर्डिसची निळ्या काठाची. ऑर्विनने मोठा डाव उचलला आणि डावीकडच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. पहिली ताटली साफ केली. काही नाही. दुसरी. काही नाही. तिसऱ्या ताटलीला कॉयरच्या बायका एकमेकींना कोपरं मारू लागल्या.

"आर्डिस, घरी उपाशी ठेवतेस की काय गं याला?"

"अगं, पन्नास वर्षांत दुसऱ्यांदा मागितलं नाही कधी," आर्डिस म्हणाली. तिच्या गालांवर लाली चढली होती. "आज बघ!"

चौथी ताटली ऑर्विनने डोळे मिटून संपवली. पाचवी वाढून घेताना आर्डिस येऊन त्याच्यामागे उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "घे घे, लाजू नकोस." त्या आवाजात असा काही अभिमान होता की खरं सांगायचं धाडस ऑर्विनच्या घशातच खिम्याखाली गाडलं गेलं.

तेवढ्यात टेबलाच्या उजव्या टोकाला टण् असा आवाज झाला.

पास्टर मारेनबाईंनी काट्याच्या टोकावर काहीतरी उचलून दिव्यासमोर धरलं होतं. बाईंनी त्यावरचं सूप पुसलं, नखाने स्क्रू फिरवला. टक. टक.

"आर्डिस," त्या म्हणाल्या, "तुमच्या हॉटडिशमध्ये गॅस ब्लॉक आहे."

"माझ्या?"

"आणि चांगला आहे. फिरतो झकास."

"बघू, बघू," म्हणत क्लेटन उठला. मग काय, पंचक्रोशीतली निम्मी रायफलवाली मंडळी त्या तळघरातच जेवत होती. ब्लॉक हातोहात फिरला. हा काजळी धरेल, एक जण म्हणाला. मुळीच धरणार नाही, दुसरा म्हणाला. एका आजोबांनी तो चाटून पाहिला आणि मीठ थोडं कमी आहे म्हणाले. हॉटडिश निवल्या, कॉफी निवली, प्रार्थनेचं कुणाला भान राहिलं नाही. आर्डिस मात्र कुणाकडेच बघत नव्हती. ती ऑर्विनच्या पाचव्या ताटलीकडे बघत होती.

घरी जाताना गाडी तीच चालवत होती.

"मला वाटलं, उशिरा का होईना, याला माझ्या हातची चव कळली."

"कळलीच की! विशेषतः पहिल्या ताटलीत..."

"गप्प बस." मग थोड्या वेळाने, "निवडला कुणी?"

"मी."

"क्लेटनने सांगितला?"

"त्याला काही माहीत नाही. मी. एकट्याने."

आर्डिसने पर्समधून ब्लॉक काढला, अंगठ्याने एकदा फिरवला आणि परत ठेवला. "बरा आहे," ती म्हणाली. व्हालबर्गच्या बाजूला 'बरा आहे' याच्या वर शब्द नाही. ऑर्विनला कॉलेजाने निवृत्तीला घड्याळ दिलं होतं, तेव्हाही त्याला एवढं भरून आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून फ्रीझरमधली नळी बाहेर काढली, तिचा काठ जरासा घासला आणि ब्लॉक जागेवर बसवला. गोठ्यामागच्या मातीच्या ढिगाऱ्यावर आर्डिस गोळ्या झाडत गेली, ऑर्विन स्क्रू आवळत गेला. एका जागी रायफल अडली. तिथून त्याने दोन टक मागे घेतले.

"कसं वाटतंय?"

आर्डिस खांद्याला हात लावून उभी राहिली. "खांद्याला पत्ताच नाही," ती म्हणाली, आणि लहान मुलीसारखी हसली. "ऑर्विन, हिला हात लावू नकोस हं आता."

आता, दोन टक पुरेत का? जेवण झाल्यावर ऑर्विन खुर्चीत बसून विचार करू लागला. सामन्याच्या दिवशी गारठा पडला तर? धूळ उडाली तर? कुठल्याही धरणाला जरा जास्तीची सोय ठेवतातच. बायकोचा शेवटचा सामना, आणि दोन टकांच्या भरवशावर? त्याने हळूच जाऊन कपाट उघडलं आणि एक टक मोकळा केला. त्या रात्री त्याला छान झोप लागली. पण पुढच्या दिवशी जेवणानंतर तीच शंका, तेच कपाट, आणखी एक टक. सामन्याच्या आदल्या दिवसापर्यंत त्याने हा नेम सोडला नाही. तिला सांगायची गरज नव्हती. खरं प्रेम हे असंच पडद्याआड काम करतं, असं त्याला वाटत होतं.

सामन्याच्या दिवशी असा वारा सुटला की टोप्या कॅनडाच्या सरहद्दीकडे निघाल्या. बोटं गारठली, धूळ दातांत कचकचू लागली. बेव्ह शाफर अगदी झोकात पुढे आली. पहिल्या पाट्या तिने अशा पाडल्या की ऑर्विन मनात आपले टक पुन्हा मोजू लागला. आणि मग तिची रायफल अडली. तिने ती सोडवली. दोन गोळ्या गेल्या, पुन्हा अडली. बेव्हचाही ब्लॉक स्क्रूवालाच, आणि तो कड्याच्या अगदी काठावर आवळलेला होता. थंडीने त्याचा कडेलोट केला.

मग आर्डिस आली. पंचाच्या घड्याळाने शीळ घातली आणि टण्, टण्, टण्, जणू कुणी चर्चची घंटा उतावीळपणे वाजवावी तशा पाट्या कोसळत गेल्या. रायफल जागची हलत नव्हती. खांदा हलत नव्हता. शेवटची पाटी पडली तेव्हा ऑर्विन इतक्या जोराने ओरडला की आवाज अडवायला त्याने कानांवर लावलेली टोपणं घसरून गळ्यात आली.

आर्डिस पहिली आली. बेव्हने तिला मिठी मारली आणि ती म्हणाली, "लबाड! रायफलीला काय पाजलंस?"

"ते याला विचार," आर्डिसने ऑर्विनकडे बोट दाखवलं.

झालं! तेवढंच हवं होतं. ऑर्विनने बेव्हला सांगितलं, क्लेटनला सांगितलं, मारेनबाईंना सांगितलं, सॉसेज विकणाऱ्या माणसालाही सांगितलं. काठावर ठेवायचं नसतं. थोडी सोय ठेवायची. "आमच्या धरणशास्त्रात याला फार महत्त्व आहे. मी रोज एक टक वाढवत गेलो. आर्डिसला कल्पनाही नाही!" आर्डिस बक्षिसाची लाकडी फळी काखेत धरून शेजारी उभी होती. अभिमानाने नवऱ्याकडे पाहत होती, निदान ऑर्विनला तरी तसं दिसलं.

परतीच्या रस्त्यावर गहू कापून झालेली रानं दोन्ही बाजूंना पसरली होती. आर्डिस एका हाताने गाडी चालवत होती.

"ऑर्विन."

"हं?"

"मी स्क्रूवर खडूची खूण केली होती."

"कधी?"

"पहिल्याच दिवशी. रोज सकाळी बघायची तर खूण एक टक पुढे. रोज सकाळी मी ती मागे आणायची."

एक शेत गेलं, दुसरं गेलं. "म्हणजे आज ती..."

"दोन टकांवर. तू पहिल्या दिवशी ठेवलीस तिथेच."

"मग मी त्या सगळ्यांना जे सांगितलं..."

"छान सांगितलंस. बेव्ह तर लिहून घेत होती." आर्डिसने वळणावर गाडी हळू केली. "पण एक खरं. निवडलास तो भरवशाचा. संध्याकाळी तू पिळतोस, सकाळी मी पिळते, आणि तरी बिघडत नाही. आपल्या घरात एवढं सोसून नीट चालणाऱ्या आता दोनच गोष्टी आहेत."

ऑर्विनची छाती फुगली. पन्नास वर्षांत तिने असं तोंडावर कधी म्हटलं नव्हतं. तो जरा लाजला, काचेतून बाहेर बघत राहिला, पण शंकेखोर स्वभाव, राहवेना. त्याने हळूच विचारलं, "दुसरी गोष्ट म्हणजे... मी ना?"

"नाही रे," आर्डिस म्हणाली. "गवत कापायचं मशीन."