तिसगाव ते नगर, तीन गॅलन

मोटार पेट्रोलवर चालते, ही समजूत लढाईपूर्वीची आहे. मोटार परवानगीवर चालते. पेट्रोल ही नंतरची आणि त्या मानाने किरकोळ गोष्ट. हे सत्य मी १९४३ पासून केडगावच्या पंपावर कूपन-कारकून या नात्याने रोज पाहिले आहे, आणि ज्यांना ते अजून उमगलेले नाही अशा मोटारमालकांची मला कीव येते. (त्यांना माझा राग येतो. चालायचेच.)

आमचा पंप नगर ओलांडून पुणे रस्त्यावर. दांडा हाताने मारायचा, की वरच्या काचेच्या बरणीत पेट्रोल चढते. लढाईआधी माणूस यायचा, टाकी भरायचा आणि निघून जायचा. कोण, कुठला, कशाला चालला, काही पत्ता लागायचा नाही. फारच मागासलेली पद्धत. लढाईत पेट्रोलवाटपाची कमिटी नेमल्यावर सुधारणा झाल्या. आता पेट्रोलला कूपन लागते, कूपनाला परमिट, परमिटाला कारण, कारणाला दाखला आणि दाखल्याला तारीख. तारीख कालची असेल तर दाखला शिळा, उद्याची असेल तर कच्चा.

डब्यातून पेट्रोल देणे अर्थातच बंद झाले, कारण डबा कुठेही जाऊ शकतो. मोटार समक्ष आणलीच पाहिजे असा नियम झाला. यावर काही खोडसाळ लोकांनी विचारले की टाकी कोरडी असताना मोटार आणावी कशी? कमिटीने तीन बैठका घेऊन 'मालकाने ती आपल्या हिकमतीने आणावी' असा निर्णय दिला. सरकारने प्रजेवर इतका विश्वास टाकलेला मी पूर्वी पाहिला नव्हता.

प्रजेने तो सार्थ केला. बैल मोटारी ओढत आणू लागले. देवळाली प्रवऱ्याचे एक बागाईतदार तर उसाच्या गाडीचे चार बैल जुंपून आणि टपावर कडब्याच्या पेंढ्या बांधून आले. पण बैल जुंपलेली मोटार ही कायद्याने बैलगाडी ठरते आणि बैलगाडीला पेट्रोल देता येत नाही. म्हणून पंपापासून वीस पावलांवर बैल सोडायचे आणि पुढे मोटार हाताने ढकलायची, असे ठरले. ती वीस पावले मोजून मी स्वतः चुन्याची रेघ मारली. (पावले माझीच. मी ठेंगणा असल्यामुळे ढकलणाऱ्यांची सोय झाली, पण आभार कुणी मानले नाहीत.)

त्या साली आमच्याकडून गेलेल्या दर शंभर गॅलनांतले एकसष्ट पंपावर येण्याजाण्यात खर्ची पडले, चौदा परमिटासाठी कचेरीत खेटे घालण्यात आणि अकरा रांगेत इंजिन थंड पडू नये म्हणून ते चालू ठेवण्यात. उरलेल्या चौदांचा तपास लागला नाही. बहुधा कुणीतरी कामाला गेले असावे.

अशा या व्यवस्थेचा संपूर्ण लाभ घेतलेले गृहस्थ म्हणजे तिसगावचे दत्तोपंत. निवृत्त हेडमास्तर, नियमाचे पक्के, आणि गावात मोटार असलेले एकटेच. त्यांच्या शेजारच्या गहिनीनाथाची आई रतनबाई. म्हातारीचा एक डोळा आधीच गेला होता. दुसऱ्याचे ऑपरेशन लगेच झाले तर तो वाचेल, नाहीतर तोही जाईल, असे पाथर्डीच्या डॉक्टरांनी सांगितले. नगरच्या दवाखान्यात मुंबईचे डोळ्यांचे सर्जन सोमवार ते बुधवार असे तीनच दिवस येणार होते. दत्तोपंतांनी शब्द दिला, "गहिनीनाथा, काळजी सोड. मोटारीने नेऊ." शब्दाचा माणूस. पंधरा दिवस खेटे घालून त्यांनी परमिट मिळवले: रुग्ण रतनबाई, तिसगाव ते नगर, तीन गॅलन. खाली टीप होती की पेट्रोल घेताना रुग्णाचा अंगठा समक्ष घ्यावा.

तेव्हा सोमवारी पहाटे रतनबाईंना मोटारीत बसवून, पुढे गहिनीनाथाचे बैल जुंपून, तिसगावाहून नगरला जाण्यासाठी लागणारे पेट्रोल आणायला मंडळी निघाली. करंजीचा घाट चढून, वाटेत मुक्काम करून, मंगळवारी सकाळी ती नगरच्या त्या दवाखान्यासमोरून केडगावकडे गेली. दवाखान्याच्या दारात गहिनीनाथाने बैल थांबवले.

"मास्तर, दवाखाना ह्योच न्हवं? आयला हितंच उतरवू का?"

"अरे, आणि अंगठा कोण देणार? म्हातारी इथे उतरली तर पेट्रोल कशाच्या नावावर मागू? खोटं बोलू?"

गहिनीनाथाने आयुष्यात मास्तरांचा शब्द मोडला नव्हता. त्याने बैल हाकले.

रांगेत त्यांचा नंबर तेरावा. ऊन चढले. रतनबाई गाडीतल्या गाडीत दोनदा म्हणाल्या, "लेका, पोचलो का आपन?"

"पोचलो आये," गहिनीनाथ म्हणाला, "पर अजून निघायचं हाय."

तीनच्या सुमारास चुन्याची रेघ ओलांडून मोटार माझ्यासमोर आली. मी परमिट वाचले, अंगठा घेतला आणि एक अडचण माझ्या लक्षात आली. (इतर कुणाच्या आली नसती.) रुग्ण तिसगावाहून नगरला न्यायचा आहे, पण रुग्ण तर इथे आहे. झालेल्या प्रवासाला पेट्रोल देता येत नाही.

दत्तोपंत म्हणाले, "केडगाव म्हणजे नगर नव्हे, साहेब. प्रवास अपुरा आहे."

मुद्दा बिनतोड होता. मी मनातून त्यांना नमस्कार केला. पण परमिटावर आरंभाचे ठिकाण तिसगाव होते, केडगाव नव्हे. शेवटी दोघांनी मिळून मार्ग काढला. मी पेट्रोल द्यावे, त्यांनी रुग्णासह तिसगावास जावे आणि तिथून प्रवासाला रीतसर आरंभ करावा. गहिनीनाथ मध्येच म्हणाला, "साहेब, तुमचं पेट्रोल ऱ्हाऊ द्या. मी आयला खांद्यावर घिऊन जातो की दवाखान्यात!" तो घायकुतीला आला होता. दत्तोपंतांनी त्याला समजावले की परमिट एकदा फुकट घालवले तर गावाला दुसरे मिळणार नाही, आणि बुधवारचा अख्खा दिवस अजून हातात आहे.

मोटार फुरफुरत निघाली, दवाखान्यासमोरून गेली आणि संध्याकाळी तिसगावास पोचली. गहिनीनाथ बैल घेऊन मागून चालत राहिला. बुधवारी सकाळी रतनबाईंचा तिसगाव ते नगर हा प्रवास कायदेशीरपणे सुरू झाला आणि करंजीच्या घाटात, अकराव्या मैलावर, पेट्रोलबरोबर संपला. दहाच्या सुमारास समोरून थकलेले बैल घेऊन गहिनीनाथच आला. त्याने बैल फिरवले आणि पुन्हा मोटारीला जुंपले.

बुधवारी चार वाजता मुंबईचे सर्जन पुण्याकडे निघाले. डॉक्टरांना रांग लागू नसल्यामुळे त्यांची टाकी मी ताबडतोब भरली. तिसगावची एक बाई यायची होती, ती आलीच नाही, असे ते म्हणाले. खेड्यातल्या लोकांना वेळेची किंमत नसते, असेही म्हणाले. मी मान डोलावली.

रतनबाई दवाखान्याच्या दारात पोचल्या तेव्हा दिवेलागण झाली होती. परमिटावर मी 'प्रवास पूर्ण' असा शेरा मारला. पावसाळा संपता संपता त्यांचा दुसरा डोळाही गेला. हे ऐकून मला फार वाईट वाटले, आणि ते लिहायला रजिस्टरात रकाना नव्हता.

त्यानंतर दत्तोपंत एकदाच पंपावर आले, मोटारीवाचून. म्हणाले, "साहेब, नियम पाळण्यात माझं काही चुकलं का?" मी म्हटले, "छे." "मलाही तसंच वाटतं," ते म्हणाले, आणि मग तेलाच्या पिंपावर तासभर नुसते बसून राहिले.

ही हकिकत मी पुष्कळ सुशिक्षित लोकांना सांगितली आहे. बैलांपाशी सगळे हसतात. चुन्याच्या रेघेपाशी जरा जास्तच. आणि शेवटी रागाने विचारतात की रांगेत एवढे मोटारवाले होते, म्हातारीला अडीच मैलांवर नेऊन सोडावे असे एकालाही सुचले नाही?

सुचले की. नवव्या नंबरच्या गृहस्थांना सुचले. हा काय गाढवपणा चालला आहे, असे ते मोठ्याने म्हणालेही. त्यांच्या टाकीत गॅलनभर पेट्रोल होते. तेव्हा गहिनीनाथ हात जोडून त्यांच्या खिडकीशी गेला आणि म्हणाला, "मग तुमीच सोडता का, मालक?" त्यांनी पुढच्या आठ मोटारी मोजल्या, मागच्या मोजल्या. माणूस अतिशय सज्जन, वाचनाची आवड असलेला. रांगेत वेळ जावा म्हणून असेच काहीतरी गमतीचे वाचत बसला होता. "फार वाईट झालं हो," असे तो मनापासून म्हणाला, आणि त्याने पान उलटले. तुमचेही पान आता संपतच आले आहे.