चापड्याचा अधिवास

सन २००३च्या जुलैत वैशाखऱ्याच्या वरच्या वाडीतल्या मंगळूला सरकारकडून आयुष्यातलं पहिलं पत्र आलं. शाळेतल्या बाईंनी ते वाचून दाखवलं. वाडीमागचं कळकाचं, म्हणजे बांबूचं, बेट बंगल्यांसाठी साफ होणार होतं. मात्र पुढे लिहिलं होतं, ‘चापडा या दुर्मिळ विषारी सापाचा सदर बेटात अधिवास असल्यास पंधरा दिवसांत पुरावा सादर करावा, म्हणजे बेट राखता येईल.’

मंगळू हरखला. त्याच्या टोपल्या, सुपं, घराचा कूड, सगळं त्या बेटातलं. आणि चापडे तर इतके, की कळक तोडण्याआधी कोयत्याच्या मुठीने तीनदा ठोकून ‘सरा बाबा’ म्हणायची रीत आज्यापासून चालत आलेली.

तो पत्र घेऊन तालुक्याच्या कचेरीत गेला. तिथले कारकून कमळाकर भाऊसाहेब यांनी पत्रात ‘अधिवास’ हा शब्द वाचला आणि त्यांचा चेहरा उजळला. अधिवासाचे दाखले तेच देत.

“पंधरा वर्षं सलग वास्तव्य लागतं. अर्जदार कुठे आहे?”

“बेटात हाय. लोंबतोय.”

“शाळा सोडल्याचा दाखला?”

“शाळंत गेलता एकदा. पन बाईच शाळा सोडून पळाल्या.”

“दोन फोटो. दोन्ही कान दिसले पाहिजेत.”

“त्याला कानच नाय, साहेब.”

“मग अर्जावर अंगठा?”

“अंगठाबी नाय.”

भाऊसाहेबांना मनापासून वाईट वाटलं. “अरेरे! मग तसं प्रतिज्ञापत्र करा आणि अर्जदाराला समक्ष हजर करा.”

मंगळूने घरी येऊन हिरव्यागार चापड्यासकट एक फांदी अलगद तोडली आणि झाकणाच्या टोपलीत ठेवली. त्याची बायको मालू कपाळाला हात लावून म्हणाली, “सोताच्या जातीचा दाखला काढाया कधी गेले नाय, आन सापाचा काढाया निघाले!”

मंगळू टोपली घेऊन कचेरीत पोचला, तेव्हा भाऊसाहेब चहाला गेले होते. ते आले, तोवर झाकण सरकलं होतं आणि चापडा उघड्या कपाटातल्या फायलींच्या गठ्ठ्यावर जाऊन स्वस्थ बसला होता. मंगळूने गठ्ठ्याकडे बोट दाखवलं. भाऊसाहेबांनी “ठेवा तिथेच” म्हणून मान न उचलता त्याला वाटेला लावलं. पुढचे दोन दिवस चापडा तसूभर हलला नाही. त्यामुळे तो कचेरीबाहेरचा आहे, अशी शंका कुणालाच आली नाही.

तिसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांनी फाईल मागितली. मग आरडाओरडा झाला, पंचनामा झाला. बेटाचीही तपासणी झाली, जीपमधून न उतरता. तिथे चापडा दिसला नाही. निष्कर्ष उघड होता. चापड्याला दाखला मिळाला: ‘अधिवास – कचेरी, कपाट क्रमांक चार.’ संरक्षणाचा हुकूमही निघाला, की या कपाटातला एकही कागद यापुढे हलवू नये. कर्मचाऱ्यांनी तो आनंदाने पाळला.

“साहेब, तो माज्या टोपलीतून आलाय!” मंगळू काकुळतीला आला.

“पंचनाम्यात टोपली नाही,” भाऊसाहेब हळहळले. “लेखी हरकत द्या.”

त्याने दिली. ती कपाट क्रमांक चारमध्ये सुरक्षित आहे.

बेट तुटलं. मंगळू आता प्लास्टिकच्या टोपल्या विकतो. बेटाच्या जागी शनिवार-रविवारचे टुमदार बंगले आहेत आणि फाटकावर हिरवा साप रंगवलेला आहे. तुमचा तिथे एखादा असेल, तर गच्चीवरच्या वेलीला हात लावण्याआधी तीनदा ठोका. दाखला नाही म्हणून चापडा तिथे राहत नसेल, असं समजू नका. तुमच्याकडे तरी तिथला दाखला कुठे आहे?