चाळणी ठेवायची की काढायची?

"दुपारच्या जेवणाच्या आत यादी चकाचक करतो की नाही, बघच तू!" अण्णांनी बायकोला बजावलं. ती ऑफिसला निघाली होती. एका पायात चप्पल सरकवत ती "बरं" म्हणाली. नवऱ्याच्या घोषणांना ती एवढंच उत्तर द्यायची.

यादी होती प्रोग्रॅमिंग करणाऱ्यांना उपयोगी पडणाऱ्या मोफत साधनांची. ठिकठिकाणच्या हौशी मंडळींनी भर घालून ती इतकी फुगवली होती की नवशिका त्यात उतरला तर बुडालाच! अण्णा तिचे कारभारी. त्यांनी या मंडळींच्या ऑनलाइन गटावर फर्मान सोडलं, "ज्याला वर्षानुवर्षं कोणी हात लावला नाही, ते साधन बाहेर! दयामाया नाही!"

सकाळभर छाटणी रंगली. मग गटातल्या एका शंकेखोर सभासदाने, ज्याला सगळे शंकासुरच म्हणायचे, विचारलं, "मग 'चाळणी'पण बाहेर ना, अण्णा?"

चाळणी! फायलींमधल्या नको असलेल्या मोकळ्या जागा गाळणारं एवढंसं साधन. अण्णांच्या पहिल्या नोकरीत ते त्यांच्या बायकोने लिहिलं होतं. तेव्हा ती बायको नव्हती, पलीकडच्या टेबलावर बसायची. चाळणी रोज सकाळी बिघडायची आणि अण्णा रोज तिच्याकडे धावायचे. तिच्या कीबोर्डवर कोवळं ऊन पडलेलं असायचं. "काय हो, आज पण?" ती हसून विचारायची आणि अण्णांचा दिवस सोन्याचा व्हायचा. ते दिवस आठवले की अण्णांना अजून भरून यायचं.

"चाळणी सोडून," त्यांनी लिहिलं.

"का? नियम तुमचाच ना?"

अण्णांनी मतं मागवली. "चाळणी काढायची नाही ना?"

धडाधड उत्तरं आली. "नाही!" "नाही!" "नाही!" अण्णा खूश! पण शंकासुर गप्प बसेल तर शपथ. "नाही म्हणजे काढायची नाही, की ठेवायची नाही?"

झालं! जो तो आपलं 'नाही' समजावून सांगायला लागला. कोणाचं कोणाला कळेना. शेवटी अण्णांनी घाईघाईत लिहिलं, "चाळणी काढू नका हो! बायकोची तेवढीच आठवण उरली आहे!" 'तरुणपणातली' हा शब्द लिहायचा राहूनच गेला.

गटावर एकेक ओळ येऊ लागली. "धीर धरा, अण्णा." "शब्द नाहीत." "चाळणीच्या रूपाने वहिनी आपल्यातच आहेत." अण्णांनी यातलं काहीच वाचलं नाही. मैदान मारलं असं समजून ते जेवून आडवे झाले होते.

संध्याकाळी बायको घरात शिरते न शिरते तोच बेल वाजली. दारात पांढरी फुलं घेतलेला एक टकलू गृहस्थ उभा.

"मी अण्णांच्या गटातला, शंकासुर. फार वाईट झालं हो. वहिनी गेल्या..."

"कुठे?"

"वर."

"वर गच्ची आहे. आणि वहिनी मीच!"

अण्णा डोळे चोळत बाहेर आले. सगळा उलगडा झाल्यावर बायकोने गटावरचं सांत्वन वाचायला घेतलं आणि हसता हसता खाली बसली. "इतकं चांगलं बोलतात माझ्याबद्दल? मग अधूनमधून मरायला हरकत नाही! पण काय रे, ती चाळणी अजून यादीत? मी मुद्दाम बिघडवायचे तिला."

"मुद्दाम?" अण्णा चक्क लाजले. "म्हणजे, मी यावं म्हणून?"

"तू? छे! खिडकीपाशी तो उंच मुलगा बसायचा ना, तो यावा म्हणून. पण मेल्याला ती स्वतःच दुरुस्त करता यायची! रोज यायचास तो तूच."

"काढा ती चाळणी!" अण्णा कडाडले. शंकासुराने फुलं ठेवली, फोन काढला आणि उभ्या उभ्या चाळणीचा निकाल लावला.

बायको फुलं पाण्यात ठेवत म्हणाली, "रागावतोस काय? तो महिन्याभरात नोकरी सोडून गेला. पुढे लग्न होईपर्यंत कोणासाठी बिघडवत होते मी?"

अण्णा खाकरून म्हणाले, "शंकासुर, परत घाला हो ती."

"त्याला पुन्हा मतं घ्यावी लागतील, अण्णा," शंकासुर ओशाळून म्हणाला. "आणि वहिनी धडधाकट आहेत म्हटल्यावर मतं पडणं कठीण आहे!"